कोठीतली पुरचुंडी

आधी निकाल सांगून टाकते, म्हणजे वाचताना तुमचा जीव टांगणीला लागणार नाही. मला एचआयव्ही आहे, बारा वर्षांपासून आहे आणि मी ठणठणीत आहे. रोज एक गोळी घेते. वजन वाढलंय एवढी एकच तक्रार, आणि त्याला गोळी नाही, माझं तोंड जबाबदार आहे असं सासूबाईंचं मत आहे.

सोनईच्या अलीकडे आमचं खेडं आहे. तिथे मी अंगणवाडी सेविका आहे. तीन ते सहा वर्षांची मुलं, गरोदर बायका, वजनकाटा आणि रजिस्टरं, हा माझा संसार. घरात मी आणि सासूबाई. मुलगी प्रीती नगरला वसतिगृहात राहून शिकते. (आता अहिल्यानगर म्हणायचं, पण जिभेला जुनंच वळण आहे.) माझे मिस्टर शांतवन बारा वर्षांपूर्वी गेले.

हे लिहायला मला नगरच्या औषध केंद्रातल्या समुपदेशक मॅडमनी सांगितलं. त्या म्हणाल्या, "नवीन बायका येतात आणि पहिला प्रश्न विचारतात, घरात लपवायचं कसं? तुम्ही लिहाच." लपवण्यातला माझा अनुभव दांडगा आहे. औषधांबद्दल मात्र डॉक्टरांना विचारा, मला विचारू नका.

*

शांतवन नागापूरच्या एमआयडीसीत एका वर्कशॉपमध्ये प्रेस मशीनवर होते. खोकला हटेना, अंगावरचे शर्ट मोठे व्हायला लागले. तपासणीत टीबी निघाला. टीबी निघाला की एचआयव्हीचीही तपासणी करतात. त्यांचा रिपोर्ट आल्यावर मला बोलावलं. प्रीती चार वर्षांची होती, तिलाही घेऊन गेले.

त्या दिवशीचं मला नको तेच आठवतं. मॅडम बोलत होत्या आणि माझं लक्ष त्यांच्या ओढणीच्या पिनेकडे होतं. पिन उघडी होती, टोचली असती. त्या म्हणाल्या, "तुमचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आहे, प्रीतीचा निगेटिव्ह आहे." मी म्हणाले, "मॅडम, तुमची पिन उघडी आहे." त्यांनी पिन लावली आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. प्रीतीचा निगेटिव्ह, हे मला त्या दुसऱ्या वेळी ऐकू आलं आणि मग मी रडले. कशासाठी रडले, ते अजून नीट ठरवता आलेलं नाही.

शांतवन बाहेर बाकावर बसले होते. मला राग आला नाही असं मी म्हणणार नाही. भरपूर आला. पण ते इतके वाळले होते की त्यांच्यावर राग काढायचा म्हणजे वाळल्या काटकीवर पाय देण्यासारखं होतं. ते एवढंच म्हणाले, "आईला कळू देऊ नको."

मी "बरं" म्हणाले. त्या एका शब्दावर मी बारा वर्षं काढली.

टीबीच्या गोळ्या ते घरात सगळ्यांसमोर घ्यायचे. सासूबाई पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या असायच्या. टीबीची गावात लाज नव्हती. दुसऱ्या आजाराच्या गोळ्या नगरच्या केंद्रात मिळायच्या, फुकट मिळायच्या. तिथे ते दोनदा गेले. दुसऱ्या खेपेला रांगेत त्यांना वर्कशॉपमधला एक माणूस दिसला आणि ते तसेच परत आले. तो माणूसही त्याच रांगेत उभा होता, म्हणजे त्यालाही तेच दुखणं असणार, हे मी त्यांना पुष्कळ समजावलं. "पुढच्या आठवड्यात जातो," असं म्हणत राहिले आणि चार महिन्यांनी वारले. आम्ही लोकांना टीबी सांगितला. ते खोटं नव्हतं, अर्धं होतं.

*

मला मात्र त्यावेळी गोळ्या दिल्याच नाहीत. तेव्हा नियमच तसा होता. रक्तातल्या पेशी ठरावीक आकड्याच्या खाली उतरल्या, तरच औषध सुरू करायचं. माझ्या पेशी चांगल्या होत्या. सहा महिन्यांनी या, म्हणाले. मग मी दर सहा महिन्यांनी जायचे आणि आपली तब्येत पुरेशी बिघडली का ते विचारून यायचे. पुढे नियम बदलला, तपासणीत निघालं की लगेच औषध. पहिल्या गोळ्यांनी गरगरायचं आणि भलतीच स्वप्नं पडायची. अंगणवाडीतली मुलं सुपरवायझर होऊन माझी रजिस्टरं तपासताहेत, असं एक स्वप्न मला कित्येकदा पडलं. आताची गोळी साधीसुधी आहे. तिचा काही त्रास नाही.

दर महिन्याला नगरला जायला काहीतरी निमित्त लागायचं. मी मीटिंग सांगायचे. सासूबाई म्हणायच्या, "तुज्या मीटिंगा सरत न्हाईत का ग? कलेक्टर झालीस व्हय?"

केंद्रातला दिवस ठरलेला असायचा. नंबर, वजन, डॉक्टर, गोळ्यांची खिडकी. बाकावर तेच चेहरे. राळेगणसिद्धीकडचे एक काका हंगामात सीताफळं आणायचे आणि रांगेतल्या सगळ्यांना वाटायचे. आम्ही कुणी कुणाचं नाव विचारलं नाही. रस्त्यात भेटलो तर ओळख दाखवायची नाही, हे न सांगता ठरलेलं होतं. एकदा ते काका मला माळीवाडा स्टँडवर दिसले. त्यांनी लगेच तोंड फिरवलं आणि मला केवढा आधार वाटला. असला आधार बाहेरच्यांना कळायचा नाही.

मग आमच्या सोयीसाठी दोन गोष्टी झाल्या आणि दोन्ही माझ्या गळ्याशी आल्या. एक म्हणजे तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात गोळ्या मिळायला लागल्या. दुसरी म्हणजे तब्येत स्थिर असेल तर तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम द्यायला लागले. मॅडम म्हणाल्या, "आता नगरपर्यंत कशाला येता? तालुक्याला नाव घालते तुमचं."

मी नको म्हणाले. ज्या रुग्णालयात मी गावातल्या गरोदर बायकांना एचआयव्हीच्या तपासणीसाठी घेऊन जाते, ते हेच. सगळ्या सिस्टर मला नावानिशी ओळखतात. "घाबरायचं काय त्यात, बोटाला टोचल्यासारखं होतं," असं मी बायकांना सांगते ते ज्या दारात, त्याच दारात मी गोळ्यांसाठी उभी राहणार? दुसऱ्या दिवशी अंगणवाडीत एकही मूल आलं नसतं. खिचडी मदतनीस शिजवते, पण वाढते मी. त्या हाताची खिचडी कोण खाईल? माझी भीती एवढीच होती आणि ती काही वेडगळ नव्हती.

तेव्हा नगर चालू ठेवलं. तीन महिन्यांच्या गोळ्या मात्र घेतल्या, कारण मीटिंगा कमी होणार होत्या.

*

एक डबी पर्समध्ये मावते. तीन डब्या मावत नाहीत आणि चालताना खुळखुळतात. म्हणून मी गोळ्या डब्यांतून काढल्या, डब्या नगरलाच टाकून दिल्या आणि घरी आल्यावर गोळ्या पांढऱ्या फडक्यात बांधल्या. ती पुरचुंडी गव्हाच्या कोठीत कोपरभर खाली सारली. डबीतून काढू नका, ओल धरते, असं मॅडमनी बजावलं होतं. मी ऐकलं नाही. कोठी आतल्या खोलीत होती, सासूबाईंना मोतीबिंदू आणि दाणागोटा सगळा माझ्याकडे. सकाळी त्या कोंबड्यांना दाणे टाकायला अंगणात गेल्या की मी कोठीत हात घालायचे. असा दीड महिना बिनबोभाट गेला.

आता इथे माझ्या अकलेचं कौतुक करायला हवं. गव्हाला कीड लागू नये म्हणून विषारी गोळ्या मिळतात. आमच्याकडे त्या फडक्याच्या पुरचुंडीत बांधून कोठीत ठेवतात. ते गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. त्या गोळ्यांनी आमच्याच आळीतली एक सून गेली होती, हेही सगळ्यांना ठाऊक होतं. आणि मी माझ्या गोळ्या तशाच बांधून तिथेच ठेवल्या. मला हे सुचलंच नाही. लपवणाऱ्याला फक्त जागा दिसते, बाकी काही दिसत नाही.

उन्हाळ्यात सासूबाईंना कुरडयांची लहर आली. त्या दुपारी मी खरोखरच मीटिंगला गेले होते. गहू भिजत घालायचे म्हणून त्यांनी स्वतः कोठी उघडली.

संध्याकाळी मी घरी आले तर त्या काही बोलेनात. मी चुलीकडे गेले की त्या चुलीकडे, मी अंगणात की त्या अंगणात. न्हाणीच्या दाराशीही येऊन उभ्या राहिल्या. "काय हवंय का, आत्या?" असं विचारलं तर "तू हाईस का बगत हुते," म्हणाल्या. मला वाटलं, वय झालं.

सकाळी कोठीत हात घातला. कोपरापर्यंत घातला, खांद्यापर्यंत घातला. मग कोठी आडवी केली आणि सगळा गहू जमिनीवर ओतला. गव्हाशिवाय काही नव्हतं.

दारातून आवाज आला, "काय हुडकतीस?"

"काही नाही. गहू निवडायला काढले."

"पुरचुंडी हुडकतीस ना? न्हाई ती. पुरली म्या. शेवग्याच्या बुडाला हातभर खड्डा केला, परार्थना केली आन् पुरली. वरनं दोन घागरी पानी वतलं."

"पुरली?"

"मंग काय पुजायला ठिवू? लेक गेला तवा म्या तुज्याकडं बगून जित्ती राह्यले. आन् तू मरायची तयारी करून ठिवलीस? तेबी एवढ्या गोळ्या! समदं गाव मारायचं हुतं का तुला?"

मला हसू आलं. नको तिथे हसू यायची खोड मला लहानपणापासून आहे. सासूबाईंनी पुढे येऊन माझ्या पाठीत असा धपाटा घातला की मी गव्हात बसले. मग त्या रडायला लागल्या. शांतवन गेले तेव्हाही त्या एवढ्या मोठ्याने रडल्या नव्हत्या. माझं हसू कुठल्या कुठे गेलं.

"आत्या, त्या मरायच्या गोळ्या नव्हत्या," मी म्हणाले. "रोज एक घेतली तरच मी धड राहते. बारा वर्षं झाली मला."

"काय झालं?"

मी आजाराचं नाव सांगितलं. नाव त्यांना माहीत होतं. भिंतीवर रंगवलेलं असायचं, रेडिओवर लागायचं. त्यांनी हळूहळू खाली बसून घेतलं.

"शांतवनला?"

"त्यांनाही."

"टीबी न्हवता?"

"टीबीपण होता."

त्यांनी ओंजळीने गहू कोठीत भरायला सुरुवात केली. मीही भरायला लागले. जमिनीवरचा शेवटचा दाणा वेचून होईस्तोवर आम्ही दोघी भरत राहिलो. तेवढा वेळ मी फक्त एवढंच बघत होते की त्या माझ्या ओंजळीला आपली ओंजळ लागू नये म्हणून हात आखडता घेतात का. तसा त्यांनी घेतला नाही.

मग पदराने हात पुसत त्यांनी विचारलं, "आजची गोळी?"

"नाही घेतली. कुठून घेऊ?"

"कुटं मिळती?"

"नगरला."

"हितं जवळ न्हाई?"

"तालुक्याला मिळते. पण तिथं सगळे ओळखीचे आहेत, आत्या."

"मंग बरंच हाय की. वळकीचं मानूस असलं म्हंजी काम बिगी बिगी हुतं. चल."

*

जीपमध्ये मी तीन वेळा उतरून जायचा विचार केला. सासूबाईंनी माझा हात धरून ठेवला होता. माया म्हणून की मी पळून जाईन म्हणून, ते विचारलं नाही.

रुग्णालयात त्या दाराबाहेर बाकावर रेश्मा बसलेली. रेश्मा आमच्या गावची. तिचा थोरला माझ्या अंगणवाडीत आणि धाकटं पोटात. मीच तिला म्हणाले होते की या आठवड्यात तपासणी करून घे.

"बाई, कुनाला घिऊन आला आज?" तिने सरळपणे विचारलं. मी तिथे नेहमी कुणाला तरी घेऊनच जाते.

मी पर्समधलं कार्ड चाचपलं. खोटं बोलायचं होतं, एरवी फटाफट सुचायचं, त्या दिवशी सुचेना. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि वाट न बघता सांगून टाकलं, "हिला कोनी आनायचं? म्याच आनलं हिला. हिच्या गोळ्या म्या मातीत घातल्या, दुसऱ्या न्ह्यायला आलो."

रेश्माने दारावरची एचआयव्हीची पाटी वाचली. मग माझ्याकडे पाहिलं आणि थोडी सरकून बसली. आम्हाला जागा द्यायला सरकली की दूर व्हायला, ते तेव्हा कळलं नाही.

आतल्या सिस्टर मला बघून म्हणाल्या, "या बाई. पेशंट कुठाय?" मी कार्ड पुढे केलं. त्यांनी ते उलटंपालटं करून पाहिलं. "बारा वर्षं?" त्या म्हणाल्या. "इतकी वर्षं तुम्ही मला पेशंट आणून देताय!" मग चेहरा कामाचा करून त्यांनी नगरला फोन लावला, माझं वजन घेतलं आणि गोळ्या कशा गेल्या ते विचारलं. लिहावं लागतं, म्हणाल्या.

"लिवा," सासूबाई म्हणाल्या. "सासूनं पुरल्या."

गोळी मी तिथेच घेतली, नळाच्या पाण्याबरोबर, सिस्टर आणि सासूबाईंसमोर. बारा वर्षांत पहिल्यांदा दिवसाउजेडी कुणासमोर घेतली. काही विशेष वाटलं नाही. भूक मात्र कडकडून लागली.

*

गोड गोड शेवट हवा असेल त्यांनी हा भाग गाळावा. सोमवारी अंगणवाडीत एकोणीस मुलांपैकी सात आली. एचआयव्हीमुळे कामावरून काढता येत नाही, हा कायदा माझ्या बाजूने होता आणि सुपरवायझर मॅडमही होत्या. पण कायदा काही मुलांचा हात धरून त्यांना अंगणवाडीत आणून सोडत नाही. मी सात मुलांची गाणी घेतली, सात जणांना खिचडी वाढली. घरी येऊन उशीत तोंड खुपसून रडले. सासूबाईंवर खूप चिडले. म्हणाले, "तुम्हाला गप्प बसता आलं नाही का?" त्या म्हणाल्या, "न्हाई."

महिन्याभरात चौदा झाली. आता सतरा येतात. दोन अजून येत नाहीत आणि ती येतील असं मला वाटतही नाही. रेश्माने पंधरा दिवस मुलाला पाठवलं नाही. मग एक दिवस स्वतःच त्याला घेऊन आली आणि म्हणाली, "माजा रिपोर्ट चांगला आला, बाई. पर तो हातात पडोस्तवर लई भ्या वाटलं. तुमी बारा वर्सं कशी काडली?" मी तिच्या मुलाचं वजन केलं. दोनदा केलं, कारण पहिल्यांदा मला काट्यावरचा आकडा दिसला नाही.

प्रीतीला सांगायला मी नगरला गेले. तिने शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "मला नववीतच कळलंय. तुझ्या पर्समधली डबी वाचली होती." मी विचारलं, "मग बोलली का नाहीस?" तर म्हणाली, "तू लपवत होतीस ना, म्हणून."

हल्ली मोबाईलवर बातम्या येतात की परदेशी मदत आटल्यामुळे काही देशांत गोळ्यांची केंद्रं बंद पडू लागली आहेत. त्या बायकांचा विचार मनात येतो. समुपदेशक मॅडम सांगतात, आपल्या देशात तयार झालेल्या गोळ्या पार आफ्रिकेपर्यंत जातात. एवढ्या लांब गोळ्या पोचवायला किती माणसं खपली असतील, कोण जाणे. नगरपासून तालुक्यापर्यंतही कुणीतरी त्या आणल्याच. तालुक्यापासून घरापर्यंतचा तेवढा रस्ता मीच अडवून ठेवला होता. तुम्हाला हे नुकतंच कळलं असेल तर घरातलं एक माणूस निवडा आणि त्याला सांगा. नीट निवडा, पण निवडा.

आता माझी ड्युटी असली की गोळ्या सासूबाईच आणतात. घरच्या माणसाकडे देतात. जीपने जातात, सिस्टरशी गप्पा मारतात, डब्या पिशवीत टाकून खुळखुळवत येतात. मागच्या खेपेला त्या परत आल्या, पाणी प्यायल्या आणि पिशवी मांडीवर घेऊन बसून राहिल्या.

"सुमन," त्या म्हणाल्या, "शांतवनच्या टायमाला ह्या गोळ्या हुत्या का ग?"

या प्रश्नाचं उत्तर मी कधीच ठरवून ठेवलं होतं. तेव्हा नव्हत्या, असं सांगायचं. त्या म्हाताऱ्या जिवाला तेवढं एक खोटं चाललं असतं.

"होत्या," मी म्हणाले. "नगरला. फुकट मिळायच्या."

"मंग?"

"दोनदा गेले होते. रांगेत ओळखीचा माणूस दिसला. लोक बघतील म्हणून पुन्हा गेले नाहीत."

त्यांनी पिशवीवरून हात फिरवला.

"मला सांगायचं हुतं त्यानं," त्या म्हणाल्या. "त्याच्या जागी म्या हुबी राह्यले असते रांगंत."